कमावलेलं शरीर

वजन उचलणाऱ्या कुठल्याही मुलीला एक वाक्य ठरावीक काळाने ऐकावं लागतं. "हात कसले झालेत गं तुझे!" लग्नाच्या हॉलमध्ये मामी म्हणते, ब्लाउज शिवणाऱ्या ताई म्हणतात, ऑफिसात कोणीतरी चहा घेताना म्हणतं. सूर काळजीचा असतो, कधी कौतुकाचाही असतो, बहुतेक वेळा दोन्हींच्या मधला. मला जिमला जायला लागून चार वर्षं झाली. माझ्या टेलरताई आता न सांगता बाही अर्धा इंच सैल ठेवतात आणि ठेवली आहे हे दरवेळी मला सांगतात.

नव्याने येणाऱ्या बायका ट्रेनरला जे पहिल्यांदा सांगतात तेही ठरलेलं आहे. "टोन व्हायचंय, पण मसल नको." ट्रेनरचं उत्तरही ठरलेलं: घाबरू नका मॅडम, तसं काही होत नाही. उत्तर शास्त्राला धरून आहे. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी कमी असतं, स्नायू हळूहळू वाढतात, आणि शरीरसौष्ठव स्पर्धेतल्या बायकांसारखं शरीर होण्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आणि मोजून-मापून खाणं असतं. चुकून कोणी सीए होत नाही, तसंच हेही चुकून होत नाही.

पण 'तसं होत नाही' म्हणताना आपण एक गोष्ट गुपचूप मान्य करून टाकतो, की तसं झालंच तर ते वाईट. समजा झालं. एखाद्या बाईचे खांदे रुंद झाले, मांड्या भरल्या, दंडावर शीर दिसायला लागली. तर नेमकं काय बिघडलं? आणि कुणाचं? हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला आहे. गाडी "चांगलं नाही दिसत" या स्टेशनवर येऊन थांबते, पुढे जात नाही. म्हणून मग मी दुसऱ्या टोकाकडून विचार करायला लागले. बायका वजन उचलतात आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही, अशा जागा कोणत्या?

अशा जागा भरपूर आहेत. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे पंधरा लिटरचा हंडा पंधरा किलोंचा, भांड्याचं वजन वेगळं. ऑलिंपिकमध्ये बायका जो बार उचलतात तो मोकळा असताना बरोबर १५ किलोंचा असतो. पुरुषांचा २० किलोंचा. ज्या शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसा धरणांतून मुंबईला पाणी जातं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका उन्हाळ्यात एकावर एक हंडे ठेवून चढ चढतात. त्याचे फोटो दर एप्रिल-मे महिन्यात पेपरात येतात. त्या फोटोखाली कोणी लिहीत नाही की या बायकांचे खांदे पुरुषी होतील. स्लॅब पडतो त्या दिवशी बांधकामावर घमेली कोण वाहतं, ससून डॉकवर मासळीच्या पाट्या कोणाच्या डोक्यावर असतात, हे सगळ्यांना दिसतं. घरातलंच बघा. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅस १४.२ किलो असतो, टाकीसकट वजन तिसाच्या आसपास जातं. तो दारापासून ओट्यापर्यंत फिरवत नेणारी बाई आणि "जड उचलू नकोस गं, बाईच्या जातीला बरं नाही" असं सांगणारी बाई बरेचदा एकच असते.

म्हणजे वजनाची अडचण नाही. अडचण बहुधा वजन कोणासाठी उचललं, याची आहे.

याचं सगळ्यात उघडं-वाघडं रूप मराठवाड्यातल्या ऊसतोडीत दिसतं. तिथे मजुरांची मोजणी माणसांत होत नाही, 'कोयत्यां'त होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाकडून जी उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर, आणि ती साधारणपणे नवऱ्याच्या हातात पडते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. खाडा झाला की दंड. पाळी आली तरी खाडा, पोटात दुखलं तरी खाडा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा सुरू झाली, तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं गुंतागुंतीची आहेत. खाजगी दवाखाने, कॅन्सरची घातलेली भीती, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, फडावर संडास आणि पाण्याची सोय नसणं. पण त्या गुंत्याच्या मध्यभागी एक शरीर आहे. त्याची ताकद हंगाम सुरू व्हायच्या आधीच विकली गेलेली असते आणि ते शरीर कामाच्या आड आलेलं चालत नाही.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "मग त्या बायकांना जिमची काय गरज? त्या मुळातच किती काटक असतात!" हे वाक्य मला फार डाचतं. जिममध्ये काय होतं ते आधी नीट बघू. आज ३० किलो उचललं, पुढच्या आठवड्यात ३२.५. मधे एक दिवस सुट्टी, कारण स्नायू वाढतो तो उचलताना नाही, नंतरच्या विश्रांतीत. त्यासाठी पोटात प्रथिनं लागतात आणि सात-आठ तास झोप लागते. गुडघा दुखला तर वजन कमी करायची मुभा असते. ऊसाच्या फडात किंवा हंड्यांच्या वाटेवर यातलं काय आहे? वजन रोज तेवढंच, विश्रांती नाही, झोप तुटकी, जेवण सगळ्यांच्या नंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आहे. एकच वजन एका शरीरात साठत जातं आणि दुसऱ्या शरीराला झिजवत जातं. दोन्हींना 'ताकद' म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक सुंदर शब्दप्रयोग आहे, फक्त तो अर्ध्याच लोकांसाठी राखून ठेवलेला आहे. पुरुष शरीर 'कमावतो'. कमावलेलं शरीर म्हटलं की डोळ्यांसमोर तालीम, जोर-बैठका, लाल माती आणि तेल लावलेली पाठ येते. बाईचं शरीर कमावलेलं असतं असं मी कधी ऐकलं नाही. तिचा 'बांधा' असतो, जणू कोणी दुसऱ्याने बांधून दिलाय. ती शेलाटी असते, सुडौल असते, चवळीची शेंग असते. तिने शरीर 'राखायचं' असतं, दोन मुलांनंतरही 'मेंटेन' ठेवायचं असतं. ताकद दिसलीच तर शब्द बदलतात, मग ती आडदांड, धटिंगण, दांडगट. कौतुक करायचं झालं तरी पुरुषावाचून पर्याय नाही: 'बाई असून', 'पुरुषाच्या तोडीस तोड'. जे कमावलं जातं त्यावर कमावणाऱ्याचा हक्क असतो. राखायला दिलेली वस्तू मात्र दुसऱ्याची असते. मला वाटतं, "हात कसले झालेत" या वाक्याच्या तळाशी राखणदाराला विचारलेला जाब आहे. ठेवायला दिलेल्या वस्तूत परस्पर बदल केलास कसा?

या जाबाला उत्तर म्हणून आम्ही कारणं देतो. यादी तयारच असते. हाडांसाठी. पीसीओडीसाठी. पाठ दुखते म्हणून. पुढे बाळंतपणाला सोपं जाईल म्हणून. कारणं खोटी नाहीत. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि वजनाचा व्यायाम त्याला अटकाव करतो, हे पक्कं ठाऊक असलेलं वैद्यकशास्त्र आहे. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना सांगते. पण कॉलनीतला पोरगा जिमला निघाला की त्याला कोणी कारण विचारत नाही. 'बॉडी बनवतोय' एवढं पुरतं. त्याची ताकद हेच त्याचं कारण. मुलीला मात्र रजेच्या अर्जासारखं कारण जोडावं लागतं.

आणि सगळ्यात लवकर मंजूर होणारा अर्ज म्हणजे दुसऱ्या कोणासाठी तरी केलेली मेहनत. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे म्हणून नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्या बाईच्या जिद्दीपुढे मान तुकवावीशीच वाटते. पण एक कल्पना करून बघा. साठीतली तीच बाई, तेच पाय, तोच वेग, फक्त कारण "मला धावायला आवडतं" हे. सिनेमा निघाला असता का? गावात काय बोललं गेलं असतं? 'दंगल'मध्येही पोरींचं बळ वडिलांच्या अपुऱ्या स्वप्नाचं आणि देशाच्या पदकाचं आहे, म्हणून आपण थिएटरात टाळ्या वाजवल्या. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो वजनी गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं, तेव्हा सगळ्या बातम्यांत एक गोष्ट होतीच, लहानपणी ती भावाला न पेलणारी सरपणाची मोळी उचलायची. गोष्ट खरी आहे आणि छान आहे. ती इतकी आवडली, कारण ताकदीचा उगम घरकामात सापडला की आपल्याला हायसं वाटतं, असा मला संशय आहे.

बाकी, पदकापर्यंत पोहोचायचा रस्ताही उशिराच उघडला. १८९६च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं वेटलिफ्टिंग होतं. बायकांना सिडनीची, म्हणजे २००० सालची वाट पाहावी लागली. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात कांस्य मिळवलं, आणि ते भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक पदक ठरलं.

पदक, नवरा, देश यांपैकी काही नसेल तर काय होतं, त्यासाठी हमीदा बानूकडे बघावं. १९५४ साली या पहिलवान बाईने जाहीर आव्हान दिलं की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. ती किती दूध पिते, किती अंडी खाते याच्या याद्या पेपरांत छापून येत, आपण आज प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याबद्दल छापतो तशा. पुण्यात एका मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली होती. मला त्या आव्हानाची भाषा विचारात पाडते. एवढी ताकदवान बाई, पण लोकांना आखाड्याशी आणायचं तर ताकद लग्नाच्या वेष्टनात गुंडाळावी लागली. पुढे ती कल्याणला राहिली, दूध विकून पोट भरलं. २०२४च्या मे महिन्यात गूगलने तिचं डूडल केलं, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मीही त्यातलीच.

आणि शांती सौंदराजन. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या वीटभट्टी कामगारांची मुलगी. २००६च्या दोहा आशियाई खेळांत ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं, लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं. पुढे काही काळ तिला स्वतःलाही वीटभट्टीवर काम करावं लागलं. भट्टीवर विटा वाहणाऱ्या तिच्या आईला 'तू बाई आहेस का' असं कोणी कधी विचारलं नसेल. धावून पुढे गेलेल्या मुलीला विचारलं. भट्टीवर परतल्यावर पुन्हा विचारायची गरज उरली नाही. खेळातल्या लिंगगटांचा प्रश्न अवघड आहे, स्पर्धा न्याय्य हवी हे म्हणणं मला उडवून लावायचं नाही. पण ताकद बाईच्या स्वतःच्या नावावर जमा झाली की तिचं बाईपणच तपासायला घेतलं जातं, आणि हे फक्त मैदानावर होत नाही.

आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचा १९८०चा एक निबंध आहे, 'थ्रोइंग लाइक अ गर्ल'. मुली चेंडू फेकताना सगळं अंग का वापरत नाहीत, फक्त हातच का हलतो, इथून त्या सुरू करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी आपल्या शरीराने काहीतरी करत असते आणि त्याच वेळी त्या शरीराकडे बाहेरून बघतही असते. 'मी करीन' आणि 'मी कशी दिसते' ही दोन वाक्यं एकाच वेळी मनात चालू असतात, म्हणून अंग अर्धंच पुढे जातं. याला त्या निसर्ग मानत नाहीत, सवय मानतात. मला हे वाचताना शाळेच्या मैदानावरचा दुपट्टा आठवला. धावायचं, पण एक हात दुपट्ट्यावर ठेवून.

डेडलिफ्ट करताना हे दुसरं वाक्य बंद पडतं. बंद पाडावं लागत नाही, आपोआप पडतं. जमिनीवरचा बार धरलाय, पाठ ताठ आहे, श्वास पोटात भरून रोखलाय, पायांनी जमीन खाली ढकलायची आहे. त्या तीन-चार सेकंदांत कुर्ता वर सरकला का, चेहरा कसा झालाय, मागे कोण उभं आहे, यातलं काहीही डोक्यात शिरायला जागा नसते. मी याला मुक्ती वगैरे म्हणणार नाही. खाली ठेवला की आरसा समोर असतोच. पण शरीर आतून जगायचं म्हणजे काय, हे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा तिथे कळलं, आणि एवढा उशीर का झाला याचा रागही तिथेच आला. आजी मंगळागौरीच्या गोष्टी सांगायची. बस फुगडी, कोंबडा, रात्र-रात्र चालणारे खेळ. कोंबडा घालून बघा, मांड्या दुसऱ्या दिवशी उत्तर देतील. त्या बायकांना हा आनंद ठाऊक होता. फक्त तो श्रावणातल्या एका रात्रीपुरता, पूजेच्या आडून, आणि पुरुष झोपल्यावर होता.

आता यात एक खड्डा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. 'स्ट्राँग' हाही आता एक लुक झाला आहे. रील्समधल्या ताकदवान मुलीचं पोट सपाट असतं, सेट मॅचिंग असतो आणि घाम चमकतो. झीरो साइजची सक्ती गेली आणि त्या जागी गोल दंडांची सक्ती आली तर मालक तोच राहिला, फक्त फर्निचर बदललं. म्हणून 'प्रत्येक बाईने वजन उचललंच पाहिजे' असं मी म्हणत नाही. आजारी, अशक्त, किंवा व्यायामाचा मनापासून कंटाळा असणाऱ्या बाईचं शरीरही तितकंच तिचं आहे. ताकद हा सद्गुण नाही. ती एक चांगली गोष्ट आहे, संगीतासारखी किंवा पोहता येण्यासारखी, आणि चांगल्या गोष्टीची इच्छा व्हायला परवानगी लागू नये, एवढंच माझं म्हणणं. 'स्वसंरक्षणासाठी शिक' या सल्ल्याचाही मला म्हणूनच कंटाळा येतो. छेडणारा तो, आणि बैठका मी काढायच्या?

शिवाय परवानगी फक्त शब्दांतून लागते असं नाही. तिचा खरा हिशोब तासांत आणि वाट्यांत होतो. आठवड्यातले तीन तास, ज्यांत बाई कोणाच्याही उपयोगाची नाही, ते घरातून कोण देणार? आणि वरणाच्या पातेल्याच्या तळाशी बसलेली घट्ट डाळ कोणाच्या ताटात जाणार?

आमच्या घरात हा हिशोब आईमुळे निघाला. चौपन्नाव्या वर्षी तिच्या हाडांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी वजनाचा व्यायाम सांगितला. पहिले सहा महिने ती सोसायटीत भेटणाऱ्या प्रत्येकीला न विचारता सांगायची, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून." संध्याकाळी सात ते आठ ही वेळ बाबांच्या जेवणाशी आपटायची. बरीच धुसफूस झाली. शेवटी जेवण साडेआठला गेलं, आणि सोमवार-गुरुवार कुकर बाबा लावायला लागले. ते आजही पाण्याचा अंदाज मला फोन करून विचारतात. आई अंडं खात नाही. आधी ती पाणीदार वरण स्वतःला घ्यायची, आता डाव तळापर्यंत घालून वाढून घेते. पहिल्यांदा घेतलं तेव्हा इकडे-तिकडे बघत घेतलं होतं.

दुधाच्या हिशोबाची तिची एक वही आहे. तिच्या मागच्या पानांवर ती वजनं लिहिते. तारीख, व्यायाम, किलो, किती वेळा. गेल्या महिन्यात मी घरी गेले तेव्हा वही टेबलावर उघडीच होती. डेडलिफ्ट ४२.५ किलोंवर आलं आहे. शेवटच्या ओळीखाली तिने पेन्सिलने लिहिलं होतं, 'साठीपर्यंत साठ.'

कशासाठी, ते मी विचारलं नाही.